खेळाडूंचे ऑनलाइन क्रेडिट घ्यायचे की नाही?

मॅडम, तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. परभणी जिल्ह्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात तुम्ही नव्यानं रुजू झालात आणि नव्या माणसाच्या गळ्यात जे पडतं तेच तुमच्याही पडलं: क्रेडिट समितीचं, म्हणजे पदवीसाठी जमवायचे श्रेयांक कशाकशाचे धरायचे ते बघण्याचं काम. समितीपुढं दोन खेळाडूंचे अर्ज आलेत. एक बी.ए. दुसऱ्या वर्षाचा कबड्डीपटू. त्यानं 'स्वयं' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा, एनपीटीईएलचा (आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन कोर्स उपक्रमाचा) आठ आठवड्यांचा कोर्स केला, केंद्रावर जाऊन परीक्षा दिली आणि ते क्रेडिट मुक्त निवडीच्या पेपरऐवजी धरा म्हणतो. दुसरी बी.एस्सी.ची धावपटू. तिनं एका खासगी संकेतस्थळावरून शनिवार-रविवारात मिळालेलं प्रमाणपत्र आणलंय आणि रसायनशास्त्राच्या राहिलेल्या पेपरच्या जागी ते चालवून घ्या असं तिचं म्हणणं आहे. तुमचे क्रीडा संचालक म्हणतात, पोरं विद्यापीठासाठी घाम गाळतात, दोन्ही घ्या. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात, एकही घेऊ नका, उद्या अख्खं कॉलेज मोबाइलवर पदवी मागेल. आणि तुम्ही विचारता, मुळात विद्यापीठांनी खेळाडूंचे ऑनलाइन क्रेडिट घ्यावेत का?

मी लातूर भागात शारीरिक शिक्षण संचालक आहे. नोकरीतला बराच काळ मैदानावर आणि संघ घेऊन रेल्वेच्या स्लीपर डब्यात गेला. अलीकडं आमच्या कॉलेजनं मला क्रेडिट समितीवरही घेतलं आहे. त्यामुळं 'सोडा हो पोरांना' म्हणणाऱ्यांचं दुखणं मला कळतं आणि 'आधी कागद दाखवा' म्हणणाऱ्यांचंही. माझं मत असं की क्रेडिट जरूर घ्यावेत, पण कोर्स घेण्याजोगा आहे म्हणून घ्यावेत. विद्यार्थी खेळाडू आहे ही गोष्ट त्या निर्णयात येऊच नये. खेळाडू म्हणून जी सवलत द्यायची ती हजेरीत द्या, परीक्षेच्या तारखेत द्या, अंतर्गत चाचणी पुन्हा घेण्यात द्या. कशाला क्रेडिट म्हणायचं याची पट्टी मात्र सगळ्यांना एकच ठेवा.

तुमच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी एकच गफलत केली, असं मला वाटतं. दोघांनी आधी 'खेळाडू' हा शब्द वाचला आणि मग प्रमाणपत्र. क्रीडा संचालकांना दोन्ही अर्ज सारखेच योग्य दिसले, प्राध्यापक महोदयांना सारखेच अयोग्य. वास्तविक या दोन कागदांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आता खेळाडूची अडचण नेमकी काय असते ते बघू, कारण ऑनलाइन कोर्स हा तिच्यावरचा उपाय आहे असं जो तो गृहीत धरतो. पहिलं सत्र पावसाळ्यात सुरू होतं. ऑगस्ट-सप्टेंबरपासून आंतरमहाविद्यालयीन सामने लागतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, मग सराव शिबिर, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथं नंबर लागला तर अखिल भारतीय, आणि मधेच राज्यपातळीवरचा अश्वमेध क्रीडा महोत्सव. दसरा-दिवाळीपासून जानेवारीपर्यंत हा पसारा चालतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत हिवाळी परीक्षा असतात. पोराचे खाडे तीन ठिकाणी पडतात: वर्गात, अंतर्गत चाचणीला आणि कधीकधी थेट लेखी पेपरला.

यातला वर्गातला खाडा ऑनलाइन कोर्सनं भरून निघतो. व्याख्यानं रेकॉर्ड केलेली असतात, शिबिरातून परतल्यावर रात्री बघता येतात. अंतर्गत चाचणीचा खाडा बराचसा भरून निघतो, कारण दर आठवड्याला जिथं असाल तिथून स्वाध्याय भरता येतो. पण पेपर बुडण्याच्या अडचणीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. स्वयंची परीक्षाही ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या केंद्रावर, ओळखपत्र दाखवूनच द्यावी लागते. ती तारीख उपांत्य सामन्याच्या दिवशी आली की झालं. आमच्या एका मुलाचं असंच झालं. कोर्स पूर्ण केला, परीक्षेच्या दिवशी संघ राजस्थानात होता, आणि सगळी मेहनत पाण्यात गेली.

म्हणून मी नेहमी सांगतो की खेळाडूंच्या कळवळ्यानं ऑनलाइन क्रेडिटची बाजू मांडणाऱ्यांनी आधी विद्यापीठाकडं एक मागणी करावी. विद्यापीठाच्याच संघातून खेळायला गेल्यामुळं ज्याचा पेपर बुडाला, त्याची त्या पेपराची परीक्षा महिनाभरात वेगळी घ्यावी, आणि तेही विद्यार्थ्यानं खेटे न घालता, क्रीडा विभागाच्या पत्रावर. स्पर्धेला विद्यापीठानंच पाठवायचं आणि परीक्षेला गैरहजर म्हणून विद्यापीठानंच शिक्का मारायचा, हे कोणत्या न्यायानं? ही व्यवस्था नीट बसली तर ऑनलाइन कोर्सवर पडणारा निम्मा भार कमी होईल. आज ज्या गरजेपोटी पोरं मिळेल ते प्रमाणपत्र घेऊन येतात, ती गरजच राहणार नाही. तुमच्या धावपटूचं बहुतेक असंच झालं असावं. रसायनशास्त्र तिला जड जातं म्हणून तिनं तो कागद आणला नसेल. पेपर बुडाला आणि पुढचं सत्र सुरू झालं, म्हणून आणला असेल. विचारून बघा.

नियमाचं आता थोडक्यात, कारण बैठकीत कुणीतरी 'असं कुठं लिहिलंय?' विचारणारच. स्वयंवरच्या कोर्सचे क्रेडिट घेण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे पहिले विनियम 2016 चे. त्यात एका सत्रातल्या 20 टक्क्यांपर्यंत कोर्स असे करता येत होते. 2021 च्या विनियमांनी ती मर्यादा 40 टक्क्यांवर नेली. म्हणजे दार उघडं आहे. पण त्या दारावर विद्यापीठाची विद्यापरिषद बसलेली आहे: कोणते कोर्स आपल्या अभ्यासक्रमात धरायचे ते तिनं ठरवायचं असतं, आणि विद्यार्थ्यानं मिळवलेले गुण मग मूळ संस्थेनं गुणपत्रकात घ्यायचे असतात. तुमचं कॉलेज संलग्न आहे, स्वायत्त नाही, त्यामुळं तुमची समिती स्वतःच्या अधिकारात नवा कोर्स मंजूर करू शकत नाही. मंजूर यादीतला आहे का हे पाहणं आणि शिफारस करणं, एवढंच तुमच्या हातात आहे. हे ज्येष्ठ प्राध्यापकांना सांगा, त्यांची निम्मी भीती तिथंच उतरेल.

2021 च्याच जुलैत क्रेडिट बँकेची, म्हणजे एबीसीची व्यवस्था आली. क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. खेळाडूच्या दृष्टीनं मला यातलं सर्वांत मोलाचं कलम हे सात वर्षांचं वाटतं. एखादं वर्ष राष्ट्रीय शिबिरात गेलं, दुखापतीत गेलं, तरी आधी केलेलं वाया जात नाही. त्याचा गाजावाजा मात्र कुणी करत नाही.

आणि आता आकडेमोड. आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा 2024-25 पासून लागला. त्यात मुख्य विषयाचे पेपर बहुधा चार क्रेडिटचे, पण मुक्त निवड, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा वगैरेंचे पुष्कळ तुकडे दोन क्रेडिटचे आहेत. एनपीटीईएलचा हिशेब साधारण असा: चार आठवडे म्हणजे एक क्रेडिट, आठ म्हणजे दोन, बारा म्हणजे तीन. तुमच्या कबड्डीपटूचा आठ आठवड्यांचा कोर्स दोन क्रेडिटच्या मुक्त निवडीत नेमका बसतो. पण बारा आठवड्यांचा तीन क्रेडिटचा कोर्स चार क्रेडिटच्या मुख्य पेपरात बसवायला गेलात की एक क्रेडिट लोंबकळत राहतं आणि परीक्षा विभागातून फाइल परत येते. माझ्या अनुभवात क्रेडिट नाकारले जाण्याचं सर्वांत मोठं कारण दर्जा नसतोच, हे एक लोंबकळणारं क्रेडिट असतं. ते प्रवेश घेण्याआधी बघायचं, निकालानंतर नव्हे.

आता कबड्डीपटूचं प्रमाणपत्र हातात घ्या. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रावर एकूण गुणांखाली दोन आकडे वेगळे छापलेले असतात: स्वाध्यायाचे 25 पैकी आणि केंद्रावरच्या परीक्षेचे 75 पैकी. तुम्ही लिहिलंय की त्याला 22 आणि 46 आहेत. मी समितीत बसलो की आधी हे दोन आकडे बघतो, बेरीज नंतर. कारण स्वाध्यायाचे 25 कसे मिळतात ते मी जवळून पाहिलंय.

विभागीय स्पर्धेला एका वसतिगृहाच्या हॉलमध्ये आमचा संघ उतरला होता. बुधवारची रात्र. स्वाध्याय भरायची मुदत बहुधा बुधवारी रात्री 11:59 ची असते, हे आमच्या खोलीत आता सगळ्यांना पाठ आहे. हॉलमध्ये प्लग एकच, दाराजवळ, त्यात पाच चार्जर एकमेकांत खोचलेले. रेंज फक्त जिन्यात. आमचा डावा कोपरारक्षक गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मोबाइल धरून बसला होता. पहिले सहा प्रश्न त्यानं स्वतः सोडवले, व्हिडिओ मागंपुढं करत. अकरा वाजून गेल्यावर वरच्या पायरीवरून दुसरा म्हणाला, "टेलिग्रामवर उत्तरं आलीत की, कामून डोकं खपवायला?" उरलेले चार यानं तिथून उतरवले, सबमिट दाबलं आणि झोपायला गेला. पहाटे साडेपाचला वॉर्म-अप होता. 

हे वाचून ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतील, बघा, मी काय म्हणत होतो! पण पुढचं ऐका. त्या मुलाचे स्वाध्यायाचे गुण भरघोस आले आणि केंद्रावरच्या परीक्षेत तो काठावर उतरला, तिशीच्या थोडा वर. प्रमाणपत्रावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले होते. कागदानं काही लपवलं नव्हतं. उत्तीर्ण व्हायला स्वाध्यायात 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 लागतात, आणि परीक्षा पर्यवेक्षकासमोर, संगणकावर, ओळखपत्र दाखवून. टेलिग्राम तिथं येत नाही. तुमच्या मुलाचे 46 हे त्याचे स्वतःचे 46 आहेत. मला तेवढे पुरे.

उलट मी त्या प्राध्यापकांना विचारेन: आपल्या वर्गात अंतर्गत गुण कसे दिले जातात? गृहपाठ कोणाच्या वहीतून उतरतात? प्रात्यक्षिकाच्या वह्या कोण लिहितं? नजरेसमोरचं काम खरं आणि पडद्यावरचं खोटं, अशी सरळ वाटणी करता येत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं प्रकरण या संदर्भात वाचण्यासारखं आहे. तिथं 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं वर्ग न भरणारे, शेवटी एक निबंध दिला की उत्तम श्रेणी मिळणारे कोर्स चालले. 2014 च्या चौकशी अहवालात अशा विद्यार्थ्यांची संख्या 3,100 च्या वर निघाली, आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. हे सगळं ऑनलाइन नव्हतं, बाहेरून आणलेलंही नव्हतं. नामवंत विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात, स्वतःच्या शिक्क्यानं चाललं होतं. त्याहून बोलका भाग पुढं आहे. 2017 मध्ये तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं, एनसीएएनं, खेळाडूंना नियमबाह्य लाभ दिल्याचा ठपका ठेवता येत नाही असं म्हटलं, कारण ते कोर्स सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते.

तिकडच्या गोष्टी जशाच्या तशा इकडं लावू नयेत, हेही सांगतो. एनसीएएच्या वरच्या श्रेणीत खेळाडूला मैदानात उतरायचं तर दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा 40 टक्के भाग, तिसऱ्याअखेर 60 आणि चौथ्याअखेर 80 टक्के पूर्ण असावा लागतो. म्हणजे क्रेडिट कमी पडले की खेळ बंद. त्यामुळं झटपट क्रेडिट मिळवून देणाऱ्या कोर्सना तिथं गिऱ्हाईक मिळतं. आपल्याकडचा दबाव वेगळा आहे: 75 टक्के हजेरी, एटीकेटी आणि घरच्यांचं 'खेळून काय मिळणार?'. आपल्या खेळाडूला झटपट क्रेडिटपेक्षा अडकलेलं वर्ष सोडवायचं असतं. म्हणून मी त्यांच्याकडं संशयानं बघत नाही. पण दबाव कुठलाही असला तरी झटपट कागद विकणारा कुणीतरी उगवतोच, आणि तुमच्या धावपटूच्या हातातला कागद त्याच दुकानातला आहे.

आता खेळाडूंसाठी वेगळा नियम का नको, याचं माझं खरं कारण. मराठवाड्यात ज्याचा वेळ त्याच्या हातात नाही असा विद्यार्थी फक्त खेळाडू नसतो. दिवाळीच्या सुमारास बीड, परभणी, जालन्याकडची किती कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यावर जातात हे तुम्हाला सांगायला नको. मागं राहिलेल्या थोरल्या मुलीवर धाकटी भावंडं, म्हातारी आजी आणि दावणीची जनावरं असतात, आणि ती बी.ए. दुसऱ्या वर्षाला आपल्याच पटावर असते. तिची हजेरी कबड्डीपटूइतकीच कमी भरते, फक्त तिच्यासाठी भांडायला क्रीडा संचालक नसतो. चांगला ऑनलाइन कोर्स कबड्डीपटूला चालतो तर तिलाही चालला पाहिजे. आणि जो कोर्स तिच्यासाठी फालतू म्हणून आपण नाकारू, तो खेळाडूसाठी घ्यायचा नाही. नियमात 'खेळाडू' हा शब्द घातला की दोन्हीकडून अन्याय सुरू होतो: तिला मिळायचं ते मिळत नाही आणि त्याच्या गुणपत्रकावर कायमचा 'सवलतीचा' वास राहतो.

तो वास खेळाडूला महागात पडतो, हे आम्ही मैदानवाले विसरतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं, धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांसमोर ही नावं असतात आणि असावीत. पण संघातले बहुतेक जण विभागीय स्पर्धेपर्यंत जातील आणि पुढं नोकरी शोधतील. शासकीय नोकरीत गुणवान खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण वरच्या पदांना त्याबरोबर पदवी लागतेच, आणि परीक्षा द्यावी लागते ती वेगळीच. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी आता कसून होते. पदवीची कुणी तशीच कसून केली तर ती टिकली पाहिजे. क्रीडा संचालकांना हेच सांगा: दोन्ही अर्ज डोळे झाकून घेतले तर नुकसान पोरीचंच आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मोकळेपणानं सांगतो. विज्ञान शाखेचे प्रात्यक्षिक असलेले पेपर, बी.पी.एड.चा सराव पाठ, क्षेत्रकार्य, यांना ऑनलाइन पर्याय मी मान्य करत नाही. टायट्रेशन पडद्यावर बघून हात बसत नाही. मुख्य विषयाचा लेखी पेपर असेल तर अभ्यासमंडळाच्या माणसानं दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघितल्याशिवाय हो म्हणू नये. मुक्त निवड, भाषा, मूल्यशिक्षण यांत हात सैल ठेवायला हरकत नाही. खेळाडू सांघिक खेळाचा की वैयक्तिक, यानंही फरक पडतो: धावपटू आपलं वेळापत्रक थोडंफार जमवू शकते, कबड्डीच्या शिबिरात कुणालाच काही जमवता येत नाही.

भाषेचा अडसर वेगळा. स्वयंवरचे बरेच कोर्स इंग्रजीत आहेत. एनपीटीईएलनं काही कोर्सच्या व्याख्यानांचा मजकूर मराठीसह प्रादेशिक भाषांत उपलब्ध केला आहे, पण परीक्षेचा पेपर इंग्रजीच असेल तर मराठी माध्यमातून बी.ए. करणारा मुलगा तिथं आपटतो. अशा मुलाला नुसतं 'ऑनलाइन कर' म्हणून सोडून देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून वरून टाळ्या वाजवणं. त्याच्यासाठी विषयाचा एक शिक्षक मार्गदर्शक म्हणून नेमा, आठवड्याला अर्धा तास, मैदानाच्या कडेला बसूनही चालेल. आमच्याकडं ज्या मुलांना असा शिक्षक मिळाला ती परीक्षेपर्यंत पोचली. बाकीच्यांतली बरीच चौथ्या-पाचव्या आठवड्यात गळाली. नावनोंदणी फुकट असल्यामुळं सोडून देणंही सोपं असतं.

परीक्षेला मात्र फी लागते, एका कोर्सला हजाराच्या आसपास. तुम्हा-आम्हाला ती किरकोळ वाटते, पण शेतमजुराच्या मुलाचं तिथंच घोडं अडतं. जिमखान्याच्या किंवा विद्यार्थी कल्याणाच्या पैशांतून ती भरण्याचा ठराव करून घ्या. शूज-ट्रॅकसूटवर आपण त्याच्या कितीतरी पट खर्च करतो.

आणखी एक बारीकसं, पण भयंकर त्रास देणारं: नाव. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, स्वयंच्या खात्यावर मुलानं स्वतःच घातलेलं 'राहुल के. पी.'. एबीसीच्या खात्याशी नाव जुळलं नाही की क्रेडिट हवेत लटकतं आणि मुलगा सायबर कॅफेच्या चकरा मारत बसतो. खातं उघडतानाच सगळ्या ठिकाणची नावं जुळवून घ्यायची. हे काम कार्यालयातल्या एका लिपिकाकडं नाव घेऊन सोपवा, 'कुणीतरी बघेल' म्हटलं की कुणीच बघत नाही.

तर तुमच्या दोन अर्जांबद्दल माझं म्हणणं. कबड्डीपटूचा कोर्स विद्यापीठाच्या मंजूर यादीत असेल तर शिफारस करा, बिनदिक्कत. प्रमाणपत्राचा क्यूआर कोड स्कॅन करून मूळ नोंद उघडा, तिची छापील प्रत अर्जाला जोडा, दोन्ही आकडे इतिवृत्तात लिहा. यादीत नसेल तर अर्ज फेटाळू नका, कोर्सचा अभ्यासक्रम जोडून विद्यापीठाकडं समकक्षतेसाठी पाठवा आणि पाठवल्याची पोच मुलाला द्या. त्यानं आधी परवानगी घेतली नव्हती, हा मुद्दा कुणी काढेल. तुमच्या कॉलेजात अशी परवानगी घ्यायची सोयच नव्हती, तेव्हा ती चूक त्याच्या खात्यावर टाकू नका. पुढच्या सत्रापासून मात्र आधी अर्ज, मग नावनोंदणी, हे सूचनाफलकावर लावा आणि सगळ्या विद्यार्थ्यांसाठी लावा.

धावपटूचं प्रमाणपत्र घेता येणार नाही. पर्यवेक्षित परीक्षा नाही, क्रेडिट नाही, विषयाचा मेळ नाही. पण नुसतं 'नामंजूर' लिहून तिला परत पाठवू नका. तिला बोलावून विचारा की पेपर कोणत्या तारखेला होता आणि त्या दिवशी ती कुठं होती. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संघातून गेली असेल तर क्रीडा संचालकांकडून तारखांसह पत्र घ्या, संघाची यादी आणि प्रवासाची तिकिटं जोडा आणि परीक्षा विभागाकडं विशेष संधीसाठी आजच पाठवा. बैठकीत जेवढ्या तळमळीनं ते बोलले, तेवढ्याच तळमळीनं हे पत्र त्यांनी त्याच दिवशी लिहून द्यावं. विशेष संधी नाकारली गेली तर तिला पुढच्या परीक्षेत तो पेपर बॅकलॉग म्हणून द्यावा लागेल. परीक्षा अर्ज भरायची तारीख तिला आत्ताच सांगून ठेवा, कारण सरावाच्या धांदलीत ही तारीख सगळ्यात आधी हुकते. आणि दोन क्रेडिटचा एखादा मुक्त निवडीचा कोर्स तिला पुढच्या सत्रात स्वयंवरून करायचा असेल, तर कोर्सचं नाव, आठवडे आणि परीक्षेची तारीख तिच्या स्पर्धांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून तिच्यासमोरच तपासा. तारखा एकमेकींवर येत असतील तर तो कोर्स तिनं घेऊ नये.